मोजले कोणाला, ताडले कोणाशी?

२०१७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्यातला एक आकडा जगभर पोचला. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये खेळलेल्या १११ दिवंगत खेळाडूंचे मेंदू बोस्टनच्या संशोधकांनी तपासले होते. त्यांपैकी ११० मेंदूंत क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे सीटीई, या विकाराच्या खुणा आढळल्या. शंभरात नव्याण्णव! दोन वर्षांनी ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांनी मृत्यू ओढवल्याची नोंद होती १.७ टक्के खेळाडूंची. खेळ वेगळे, देश वेगळे, हे खरेच. पण ९९ आणि १.७ यांच्यातली दरी तेवढ्याने भरत नाही. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्हींमागे प्रामाणिक मेहनत आहे. तरीही ते एकमेकांपासून इतके दूर का, हे ज्याला नीट सांगता येईल त्याला या विषयाची किल्ली सापडली असे मी म्हणेन.

ही प्रस्तावना या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी आहे. त्यात वैद्यकीचे आणि संख्याशास्त्राचे विद्यार्थी आले, शाळेतले क्रीडाशिक्षक आले, तालमीतले वस्ताद आले, आणि मुलीला बॉक्सिंगच्या वर्गाला घालावे की नाही या विचारात पडलेले आईवडीलही आले. इथे लागणारे गणित टक्केवारीच्या फार पुढे जात नाही. लागते ती एक सवय. कोणताही आकडा समोर आला की ‘किती?’ हे नंतर विचारायचे. आधी विचारायचे की मोजले कोणाला आणि ताडले कोणाशी.

या अभ्यासाची सुरुवात मुष्टियुद्धापासून झाली. १९२८ मध्ये न्यू जर्सीतले शवचिकित्सक हॅरिसन मार्टलंड यांनी मुष्टियोद्ध्यांच्या एका अवस्थेचे वर्णन केले. चाल अडखळते, बोलणे जड होते, हात कापतात, विचार मंदावतो. बॉक्सिंगच्या आखाड्याभोवती वावरणाऱ्यांना ही अवस्था आधीपासून ठाऊक होती आणि मार्टलंडना अशा खेळाडूंची नावेही त्याच धंद्यातल्या एका माणसाने पुरवली. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्यांची अवस्था नजरेत भरण्याइतकी बिघडली होती तेच त्या यादीत आले. निवृत्तीनंतर चांगले चाललेले, दुकान टाकून बसलेले मुष्टियोद्धे त्या माणसाला आठवण्याचे काही कारणच नव्हते. मार्टलंड यांचे निरीक्षण पुढे खरे ठरले, पण ‘शंभर मुष्टियोद्ध्यांमागे किती?’ या प्रश्नाचे उत्तर अशा यादीतून कधीच निघाले नसते.

ते उत्तर शोधण्याचा नेटका प्रयत्न व्हायला चार दशके लागली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या पुढाकाराने ए. एच. रॉबर्ट्स यांनी केलेला, १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही नवख्या वाचकाने सर्वांत आधी वाचावा. रॉबर्ट्स यांनी आजारी मुष्टियोद्धे शोधले नाहीत. १९२९ ते १९५५ या काळात ब्रिटनमध्ये व्यावसायिक मुष्टियुद्धाचा परवाना घेतलेल्यांची नोंदवही त्यांनी घेतली आणि तिच्यातून कोणताही निकष न लावता, निव्वळ यदृच्छेने, २५० नावे काढली. मग त्या माणसांचा माग काढला आणि २२४ जणांना प्रत्यक्ष तपासले. त्यांतल्या ३७ जणांना, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांना, मुष्टियुद्धाशी जुळणारा मेंदूचा बिघाड होता. ज्यांच्या लढती जास्त, त्यांच्यात हे प्रमाणही जास्त. नोंदवहीतून नावे काढणे आणि मग गावोगाव हिंडून ती माणसे गाठणे हे काम कंटाळवाणे, खर्चाचे आणि वर्षानुवर्षे चालणारे असते. पण ‘सहापैकी एकाला’ असे छातीठोकपणे म्हणण्याचा अधिकार त्यातूनच मिळाला. मार्टलंड आणि रॉबर्ट्स या दोघांच्या कामांतला फरक ज्याला मनापासून पटला, त्याला पुढचे सगळे वाद समजून घेणे सोपे जाते.

आता बोस्टनच्या ११० मेंदूंकडे परत येऊ. ते मेंदू दान म्हणून आलेले होते. खेळाडूच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू संशोधनाला द्यायचा की नाही हे बहुधा घरचे ठरवतात आणि असा निर्णय कोण घेते? ज्यांनी घरातल्या माणसाला स्वतःचे नाव विसरताना, विनाकारण भडकताना, रात्रभर येरझाऱ्या घालताना पाहिले, त्यांना ‘याला नेमके झाले तरी काय?’ हा प्रश्न सोडत नाही. शांतपणे म्हातारपण घालवून गेलेल्या खेळाडूच्या घरच्यांना तो सहसा पडत नाही. म्हणून अशा संग्रहावरून सगळ्या खेळाडूंचे प्रमाण काढणे म्हणजे दवाखान्याच्या बाकावरची माणसे मोजून गावातल्या आजाऱ्यांचे प्रमाण सांगण्यासारखे आहे. हे संशोधकांनी स्वतः त्या निबंधात स्पष्ट लिहिले होते. बातमीत मात्र तेवढेच वाक्य गळाले.

पण इथेच थांबून ‘म्हणजे त्या आकड्याला अर्थ नाही’ असे म्हणणारे वाचक मला जास्त काळजीत टाकतात, कारण ही घाईही तितकीच चुकीची आहे. नंतर दोन संशोधकांनी एक साधा हिशेब मांडला. त्या संग्रहाच्या काळात एनएफएलचे अकराशेहून थोडे अधिक माजी खेळाडू मरण पावले होते. समजा, मेंदू दान न केलेल्या प्रत्येक खेळाडूचा मेंदू अगदी निर्दोष होता. असे असणे जवळजवळ अशक्य आहे, पण वादापुरते धरून चालू. तरीही मरण पावलेल्यांपैकी सुमारे १० टक्क्यांना हा विकार होताच. म्हणजे खरे प्रमाण १० टक्के आणि ९९ टक्के यांच्यामध्ये कुठेतरी आहे. आता हा तळाचा आकडा सामान्य माणसांशी ताडून पाहू. मेयो क्लिनिकच्या मेंदूसंग्रहातील २०१५ मधील एका अभ्यासात, शारीरिक संपर्काचे खेळ खेळलेल्या ६६ पुरुषांपैकी २१ जणांच्या मेंदूत सीटीईच्या खुणा मिळाल्या. असा खेळ खेळल्याची नोंद नसलेल्या १९८ जणांपैकी एकाच्याही मेंदूत त्या मिळाल्या नाहीत. निवडीतला दोष जमेस धरूनही उरणारा संबंध असा दिसतो. दोष दाखवून देणे ही वाचनाची पहिली पायरी झाली. त्या दोषामुळे आकडा कोणत्या बाजूला आणि जास्तीत जास्त किती झुकू शकतो, हे मोजणे ही दुसरी. बहुतेक चर्चा पहिल्या पायरीवरच विजयी मुद्रेने थांबतात.

सीटीईबद्दल एक खुलासा लगेच करायला हवा. हे निदान आजही मृत्यूनंतर, मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते. मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवतीच्या चेतापेशींत टाऊ नावाचे प्रथिन साचलेले दिसले तर सीटीई म्हणतात. कापात दिसलेली खूण आणि हयातीत भोगलेला त्रास यांचे नाते अजून सरळ जुळलेले नाही. खुणा असून बऱ्यापैकी जगलेली माणसे आहेत आणि खुणा नसताना स्मृतिभ्रंशाने खंगलेलीही आहेत. म्हणून कोणताही अभ्यास वाचताना त्यात मोजले आहे ते नक्की काय, हे पाहून ठेवावे. पेशींतले प्रथिन, स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुण, डॉक्टरांचे निदान, औषधाची चिठ्ठी आणि मृत्यूचा दाखला या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा चकवा उलट दिशेने येतो. एनएफएलमध्ये १९५९ ते १९८८ या काळात किमान पाच हंगाम खेळलेल्या ३,४३९ खेळाडूंचा सरकारी अभ्यास २०१२ मध्ये आला. त्यांच्यातले एकूण मृत्यू सामान्य अमेरिकन पुरुषांच्या मानाने जवळजवळ निम्मेच होते. हे वाचून ‘खेळाने उलट आयुष्य वाढते’ असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होते. पण व्यावसायिक संघात निवड होते तीच मुळात धडधाकट शरीराच्या, हृदय-फुप्फुसे उत्तम असलेल्या तरुणांची. त्यांची तुलना सबंध देशातल्या पुरुषांशी केली की, ज्या तब्येतीमुळे ते संघात आले तिचेच श्रेय खेळाला जाते. त्याच अभ्यासात अल्झायमर आणि एएलएस (हालचाली घडवणाऱ्या चेतापेशींचा ऱ्हास करणारा मोटर न्यूरॉन आजार) या विकारांनी झालेले मृत्यू मात्र अपेक्षेच्या सुमारे चौपट होते.

मग तुलना करायची कोणाशी? १९८७ मध्ये एनएफएलच्या खेळाडूंनी संप केला, तेव्हा मालकांनी तीन सामन्यांपुरते बदली खेळाडू आणले. तेही तशाच बांध्याचे, जवळजवळ त्याच तयारीचे. पण एनएफएलमधली त्यांची कारकीर्द बहुधा त्या तीन सामन्यांतच आटोपली. त्या ८७९ जणांशी २,९३३ नेहमीच्या खेळाडूंची तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या खेळाडूंचा मृत्युदर सुमारे ३८ टक्क्यांनी जास्त आला, पण मरण पावलेल्यांची संख्या अजून थोडी असल्याने हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असे लेखकांनीच सांगितले. सामान्य लोकांशी ताडले तर आयुष्य जास्त, आपल्यासारख्याच खेळाडूंशी ताडले तर ते जास्तीचे आयुष्य कुठे दिसेना! लीग तीच, फक्त शेजारी उभा केलेला गट बदलला. या क्षेत्रातला हा मला सर्वांत सुंदर वाटणारा अभ्यास आहे, आणि त्याचा निकाल अनिश्चित असल्याने त्याची गोडी कमी होत नाही.

आता ज्या अभ्यासापाशी सर्वांत जास्त रेंगाळावे, त्याकडे वळू. जेफ ॲसल हा वेस्ट ब्रॉमिच अल्बियनचा आघाडीचा खेळाडू हेडरसाठी, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्यासाठी, प्रसिद्ध होता. १९६८ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यातला विजयी गोल त्याचाच. २००२ मध्ये तो ५९ व्या वर्षी स्मृतिभ्रंशाने गेला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याचा आजार कामामुळे जडल्याचा निर्णय दिला. पुढे ग्लासगोचे विकृतिशास्त्रज्ञ विली स्ट्युअर्ट यांना त्याच्या मेंदूत सीटीई आढळला. त्याच्या कुटुंबाने वर्षानुवर्षे एकच मागणी लावून धरली : याचा नीट अभ्यास करा. एका मेंदूवरून काही सिद्ध होत नाही, हे त्या कुटुंबाला ऐकवणे सोपे होते. पण प्रश्न कुठून तरी यावा लागतो आणि तो बहुतेक वेळा एखाद्या घरातूनच येतो.

स्ट्युअर्ट यांच्या गटाने खेळाडूंची यादी आजाऱ्यांतून केली नाही. ती फुटबॉलच्या जुन्या कागदांतून केली. स्कॉटिश फुटबॉल संग्रहालयातल्या आणि क्लबांच्या दप्तरांतल्या नावांवरून, जन्मतारखांवरून ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडू निश्चित झाले. प्रत्येकासाठी त्याच वयाचे आणि तशाच आर्थिक परिस्थितीच्या वस्तीत राहणारे तीन पुरुष घेतले, एकूण २३,०२८. मग या सगळ्यांची नावे राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या नोंदींशी आणि मृत्यूच्या दाखल्यांशी जोडली. कोणाला फोन नाही, प्रश्नावली नाही. त्यामुळे ‘मला त्रास होतो म्हणून मी भाग घेतो’ ही अडचणच आली नाही. सत्तरीपर्यंत खेळाडूंत मृत्यू कमी होते. हृदयविकार आणि फुप्फुसाचा कर्करोग यांनी त्यांच्यातले कमी जण गेले. मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांनी मृत्यू मात्र १.७ टक्के विरुद्ध ०.५ टक्के, म्हणजे सुमारे साडेतीन पट.

इथे एक चाणाक्ष शंका येते. हृदयविकारापासून वाचलेला माणूस जास्त जगतो आणि जास्त जगलेल्यालाच स्मृतिभ्रंश गाठतो. मग हा फरक निव्वळ दीर्घायुष्याचा तर नसेल? संशोधकांनी ही शंका आधीच धरली होती आणि हृदयविकार व कर्करोगाने होणारे मृत्यू हिशेबात घेऊनच साडेतीन पट हा आकडा काढला होता. दुसरी शंका राहते ती अशी की, कारण चेंडूच कशावरून? खेळाडूंची मद्यपानाची सवय, शिक्षण लवकर सुटणे, यांपैकी काही का नसेल? याचे उत्तर २०२१ मध्ये त्याच खेळाडूंना खेळण्याच्या जागेनुसार वेगळे करून शोधले गेले. बचावपटूंना धोका सुमारे पाच पट. क्वचितच डोक्याने चेंडू मारणाऱ्या गोलरक्षकांत मात्र स्पष्ट वाढ आढळली नाही. कारकीर्द जितकी लांब, तितका धोका मोठा. गोलरक्षक आणि बचावपटू एकाच ड्रेसिंग रूममधले, एकाच वस्तीतले, एकाच पगाराचे, एकाच पबात जाणारे. त्यांच्यातला ठळक फरक डोक्यावर आदळणाऱ्या चेंडूंचा आणि डोक्याला डोके लागण्याचा. सहसंबंधाकडून कार्यकारणभावाकडे टाकलेले पाऊल असे असते. ते एका उडीत पडत नाही. दुसरी स्पष्टीकरणे एकेक करून अवघड होत जातात.

२०२३ मध्ये स्वीडनच्या ६,००७ अव्वल फुटबॉलपटूंचा अभ्यास आला. तिथे वाढ साडेतीन पट नव्हे, सुमारे दीड पट निघाली. गोलरक्षकांत तिथेही वाढ आढळली नाही. स्कॉटलंडचा तो आकडा मृत्यूच्या दाखल्यांवरून आला होता. स्वीडनमध्ये निदाने आणि औषधांच्या नोंदीही धरल्या होत्या. आकडा हलला, रचना मात्र तीच राहिली. अशा वेळी मी रचनेवर जास्त विश्वास ठेवतो.

शाळेतल्या खेळाचे चित्र वेगळे आहे आणि पालकांनी हे जरूर जाणून घ्यावे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शालान्त झालेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा झाला. शाळेत अमेरिकन फुटबॉल खेळलेले आणि न खेळलेले यांच्यात पासष्टीच्या सुमाराला ना आकलनात फरक दिसला ना नैराश्यात. ‘खेळ म्हणजे विष’ असे मानणाऱ्याने हा अभ्यास बाजूला सारू नये, आणि ‘पाहा, काही होत नाही’ म्हणणाऱ्यानेही पासष्टी हे वय स्मृतिभ्रंशासाठी लवकरचे आहे आणि शाळेतली दोनतीन वर्षे म्हणजे वीस वर्षांची कारकीर्द नव्हे, हे विसरू नये.

लहान संख्यांबाबत एकच इशारा. स्कॉटलंडच्या ४१२ आंतरराष्ट्रीय रग्बीपटूंच्या अभ्यासात मेंदूच्या ऱ्हासाचे विकार अडीच पटींहून जास्त आढळले. मोटर न्यूरॉन आजाराची वाढ तर सुमारे पंधरा पट आली. पण पंधरा पट हा आकडा मोजक्या रुग्णांवर उभा आहे; एकदोन जण इकडचे तिकडे झाले तर तो बराच हलेल. दिशेची दखल घ्यावी, आकड्याला कवटाळून बसू नये.

या सगळ्यात जिवंत माणसे आहेत, हे मला कळकळीने सांगायचे आहे. एनएफएलच्या १,९८० माजी खेळाडूंच्या एका सर्वेक्षणात सुमारे एक-तृतीयांश जणांना आपल्याला सीटीई झालाच आहे असे वाटत होते. तसे वाटणाऱ्यांत आत्महत्येचे विचार कितीतरी जास्त होते, आणि त्यांच्यात नैराश्य, झोपेचे विकार, सततच्या वेदना, हार्मोनची कमतरता अशा उपचार करता येण्याजोग्या तक्रारीही जास्त होत्या. आपल्याला असाध्य रोग जडला अशा समजुतीने माणूस साध्या आजाराचे औषधही घेत नसेल, तर आपण आकडे कसे सांगतो याचा त्यात वाटा आहे. ज्याच्या हाती या विषयाचा आकडा पडतो त्याने तो सांगताना समोर चाळिशीतला, डोकेदुखीने हैराण झालेला, दोन मुलांचा बाप असलेला खेळाडू बसला आहे असे समजून सांगावा.

मराठी वाचकाला इथे करण्यासारखे पुष्कळ आहे. कबड्डीत घोट्याची पकड करताना बचावपटूचे डोके चढाईपटूच्या गुडघ्यासमोर येते. कुस्तीत प्रश्न ठोशांचा नसून आपटण्याचा आणि मानेवर येणाऱ्या भाराचा आहे. परदेशातले फुटबॉलचे आकडे उचलून या खेळांना चिकटवू नयेत. फुटबॉलचे मात्र तसे नाही. कोल्हापुरात पेठापेठांचे तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर पिढ्यानपिढ्या खेळत आले आहेत आणि गोव्यात तर धेंपो, साळगावकर यांसारख्या क्लबांमुळे व्यावसायिक खेळाडूंच्या सलग पिढ्या झाल्या. स्कॉटलंडसारखा अभ्यास करायचा तर दोन गोष्टी लागतात : खेळाडूंची जुनी यादी आणि मृत्यूच्या कारणाची विश्वसनीय नोंद. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या कारणाला वैद्यकीय दाखला मिळतो; गोव्यात मात्र हे प्रमाण जवळजवळ पूर्ण आहे. म्हणून असा अभ्यास आपल्याकडे सुरू करायचा तर तो गोव्यातून करावा, असे मला वाटते.

त्यातही अडचणी आहेत आणि त्या आधीच ओळखून ठेवणे म्हणजेच या विषयाचे शिक्षण. दाखला असला तरी त्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच लिहिलेले असले, तर स्मृतिभ्रंश दिसणारच नाही. तेव्हा दाखल्याच्या जोडीला घरच्यांशी बोलून माहिती घ्यावी लागेल, आणि ती घेणाऱ्याला समोरचे घर खेळाडूचे आहे की तुलनागटातले हे ठाऊक असता कामा नये. निवृत्तीनंतर अनेक गोवेकर आखातात, पोर्तुगालला, इंग्लंडला गेले. त्यांचे मृत्यू गोव्याच्या दप्तरात येणार नाहीत, आणि खेळाडूंत परदेशी जाणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा वेगळे असेल तर तुलनाच डळमळेल. म्हणून पहिली तुलना बाहेरच्यांशी न करता एकाच क्लबातले गोलरक्षक आणि बचावपटू यांची करावी, आणि याद्या काढायला आत्ताच बसावे. कारण जुन्या सामन्यांचे कागद क्लबांच्या कपाटांत आहेत आणि त्यांतली नावे पाहून ‘हा कोण, कुठल्या वाड्यावरचा’ हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत.